ब्रिजेट नावाच्या मोलकरणींची सुट्टी

आयर्लंडमध्ये २०२३ पासून फेब्रुवारीच्या पहिल्या सोमवारी सार्वजनिक सुट्टी असते. एक फेब्रुवारी शुक्रवारी आली, तर त्याच दिवशी. ही सुट्टी संत ब्रिजिडच्या नावाने आहे, आणि एखाद्या स्त्रीच्या नावाने सुरू झालेली त्या देशातली ही पहिलीच. त्यासाठी ‘हरस्टोरी’ नावाच्या गटाने मोहीम चालवली होती. कोविडनंतर लोकांना वर्षाला एक जादा सुट्टी द्यायचं ठरलं, तेव्हा तो प्रस्ताव मंत्रिमंडळापुढे ठेवणारे मंत्री होते लिओ वराडकर. त्यांच्या वडिलांच्या घराण्याचं मूळ गाव मालवण तालुक्यातलं वराड. पहिली सुट्टी उजाडली तेव्हा वराडकर पंतप्रधान होते.

दर जानेवारीच्या अखेरीस तिथे एक वाद रंगतो. ब्रिजिड मुळात कोण? एका बाजूचं म्हणणं असं की ती ख्रिस्ती धर्म येण्याआधीची देवी होती, चर्चने तिला जोगिणीचे कपडे चढवले आणि संत करून टाकलं. दुसरी बाजू म्हणते, किल्डेअरला मठ स्थापणारी, रक्तामांसाची बाई होऊन गेली, तिला देवीची सावली ठरवू नका. दोन्हीकडे अभ्यासू माणसं आहेत. पण या भांडणात त्या नावावर ज्यांचा सगळ्यात जवळचा हक्क आहे त्या बायकांची कुणाला आठवणच राहत नाही. एकोणिसाव्या शतकात बॉस्टन-न्यूयॉर्कच्या स्वयंपाकघरांत राबलेल्या हजारो आयरिश मोलकरणींबद्दल मी बोलतोय. त्यांच्यातल्या कितीतरी जणींचं नाव ब्रिजेट, म्हणजे ब्रिजिडचंच इंग्रजी रूप, होतं. ज्यांचं नव्हतं त्यांनाही मालकिणी ब्रिजेटच म्हणत. माझ्या मते ही सुट्टी आधी त्यांची आहे.

पण आधी वादाकडे जरा नीट पाहू. नाव जुनं आहे यात शंका नाही. ‘उंच’, ‘थोर’ असा त्याचा अर्थ. भाषाशास्त्रज्ञ त्याचं मूळ ज्या धातूपर्यंत नेतात, तोच संस्कृत ‘बृहत्’ आणि ‘बृहती’च्या मागे आहे. रोमन काळात उत्तर इंग्लंडमध्ये ब्रिगांटीस नावाचे लोक होते आणि ब्रिगांटिया नावाची देवी होती. ती नावंही याच कुळातली. देवीविषयीचा आयरिश पुरावा मात्र आपण समजतो तेवढा भरघोस नाही. मन्स्टरचा राजा आणि बिशप कॉर्मक याच्या नावावर असलेल्या, इसवी सन ९०० च्या सुमाराच्या शब्दकोशात एक नोंद आहे: ब्रिगिट ही दाग्दा देवाची मुलगी, कवी तिला भजत. तिच्याच नावाच्या दोन बहिणी, एक वैद्यकाची, दुसरी लोहारकामाची. शिवाय एका जुन्या युद्धकथेत ब्रीग नावाची आई मारल्या गेलेल्या मुलासाठी आक्रोश करते, आणि कथा सांगते की आयर्लंडमध्ये ऐकू आलेला तो पहिला विलाप. हे सगळं लिहिलंय ख्रिस्ती लेखणीने, ख्रिस्ती धर्म येऊन काही शतकं उलटल्यावर.

संत ब्रिजिडचा पुरावाही असाच धूसर. परंपरा तिचा जन्म ४५१ च्या आसपासचा आणि मृत्यू ५२५ च्या सुमाराचा मानते. २०२४ मध्ये तिच्या निधनाची १५०० वर्षं साजरी झाली. किल्डेअर म्हणजे ओकच्या झाडाचं चर्च, तिथे तिचा मठ. सातव्या शतकात कोगिटोसस नावाच्या साधूने लॅटिनमध्ये तिचं चरित्र लिहिलं. त्यात चमत्कारच जास्त, आयुष्याचे तपशील फारसे नाहीत. तिचा सण एक फेब्रुवारीला, आणि इंबोल्क हा वसंतारंभाचा जुना सणही त्याच दिवशी. बाराव्या शतकात जेराल्ड ऑफ वेल्स याने लिहून ठेवलंय की किल्डेअरच्या मठात एक अग्नी अखंड तेवत असतो, एकोणीस जोगिणी पाळीपाळीने रात्रभर त्याची राखण करतात, आणि विसाव्या रात्री ती जबाबदारी खुद्द ब्रिजिडवर सोडतात. मठातल्या अग्नीची अशी राखण वाचली की देवीवाद्यांना बळ येणं स्वाभाविक आहे. पण त्यावरून ती बाई झालीच नाही असं सिद्ध होत नाही. देवीच्या नावाची बाई असूच शकते. आपल्याकडच्या लक्ष्म्या, पार्वत्या आणि सरस्वत्या हाडामांसाच्याच आहेत. हा निकाल कधी लागेल असं मला वाटत नाही, आणि तो लागलाच पाहिजे अशीही गरज नाही.

मला महत्त्वाची वाटते ती संतचरित्रांमधली दुसरीच गोष्ट. तिच्यावर फारसं कुणी बोलत नाही. नंतरच्या चरित्रांनुसार ब्रिजिडचा बाप दुबथाक हा सरदार होता आणि आई ब्रॉकसेक त्याच्या घरची दासी. बायकोच्या धाकाने दुबथाकने पोटुशी असलेल्या दासीला एका द्रुइडाला, म्हणजे ख्रिस्तपूर्व धर्माच्या पुरोहिताला, विकून टाकलं. पुढे ब्रिजिड मोठी झाली. आईचे डोळे बिघडलेत असं कळल्यावर ती तिच्याकडे गेली आणि तिथलं दुधाचं सगळं काम तिने अंगावर घेतलं. ताक घुसळून लोणी निघालं की ती त्याचे बारा सारखे वाटे करायची आणि तेरावा त्यांच्याहून मोठा. तो मोठा वाटा गोरगरिबांचा. द्रुइडाच्या कानावर गेलं की पोरगी लोणी वाटून संपवतेय. नवराबायको भली मोठी टोपली घेऊन तपासायला आले. घरात होतं नव्हतं ते लोणी ती आणत गेली आणि टोपली काठोकाठ भरली. द्रुइड खूश होऊन म्हणाला, या गाई तुला घे. ती म्हणाली, गाई तुझ्याकडेच राहू देत, माझ्या आईला मोकळं कर. त्याने दोन्ही दिलं. गाई तिने वाटून टाकल्या.

चमत्कार बाजूला ठेवा. इतक्या जणांनी, इतक्या शतकांत ही गोष्ट सांगताना तिला दासीचीच मुलगी ठेवलं. राजकन्या करणं सोपं होतं, आणि मध्ययुगातल्या संतचरित्रांत उच्च कुळाचं कौतुक तर पावलोपावली असतं. तरीही आईच्या सुटकेसाठी मालकाशी बोलणारी मोलकरणीची पोर हाच या नावाचा सर्वांत जिवंत प्रसंग राहिला. जे लोक मोलकरणींच्या आठवणीला ब्रिजिडच्या सणात जागा नको म्हणतील त्यांना मी हीच गोष्ट दाखवीन.

मध्ययुगात आयरिश लोक संतिणीचं नाव थेट मुलीला ठेवत नसत. ते फार पवित्र. मुलाला ‘माइल ब्रिग्टे’ किंवा ‘गिल्ला ब्रिग्टे’ म्हणत, म्हणजे ब्रिजिडचा भक्त, ब्रिजिडचा सेवक. मुलींचं नाव म्हणून ब्रिजिड सर्रास दिसू लागलं ते बरंच पुढे, सतराव्या शतकापासून. एकोणिसाव्या शतकात मात्र मेरीच्या बरोबरीने ते घरोघरी पोचलं. सरकारी नोंदी इंग्रजीत होत, म्हणून कागदावर ‘ब्रिजेट’. घरात हाक वेगळी: ब्रीड, ब्रायडी, बिड्डी.

मग बटाट्याचं पीक कुजलं. १८४५ नंतरच्या दुष्काळाने आणि त्यापाठोपाठ सुरू झालेल्या स्थलांतराने आयर्लंड रिकामा झाला. युरोपातल्या इतर देशांहून एक मोठा फरक इथे होता. आयर्लंडमधून तरुण, एकट्या, बिनलग्नाच्या मुली जवळजवळ पुरुषांइतक्याच संख्येने निघाल्या. अमेरिकेत उतरल्यावर त्यांना मिळणारं काम म्हणजे घरकाम. जेवण, राहणं मालकाकडे, त्यामुळे पगार शिलकीत पडायचा. त्या पैशातून धाकट्या बहिणीचं बोटीचं तिकीट निघायचं, गावाकडे शेताचा खंड भरला जायचा, म्हाताऱ्यांची चूल पेटायची. कोकणातल्या मनीऑर्डरीवर जगलेल्या घरांना हे अर्थकारण समजावून सांगावं लागणार नाही.

बदल्यात त्यांना मिळालं काय? ‘बिड्डी’. हे लाडाचं नाव अमेरिकेत शिवीसारखं झालं. व्यंगचित्रांत बिड्डी म्हणजे आडदांड, माकडासारख्या चेहऱ्याची, भांडी फोडणारी, मालकिणीला उलट बोलणारी स्वयंपाकीण. ‘पक’ या नावाजलेल्या साप्ताहिकात १८८३ मध्ये फ्रेडरिक ऑपरने असंच चित्र काढलं. त्यात अंगापिंडाने भक्कम आयरिश स्वयंपाकीण नाजूक मालकिणीवर मूठ उगारून उभी आहे. ज्यांनी त्या बायकांना पोटमाळ्यावरच्या खोलीत झोपवलं, पहाटेपासून रात्रीपर्यंत राबवलं, त्यांना स्वयंपाकघरातल्या दादागिरीची भीती वाटत होती म्हणे.

मॅसॅच्युसेट्समधल्या फॉल रिव्हर गावात ४ ऑगस्ट १८९२ रोजी अँड्र्यू बोर्डन आणि त्यांच्या पत्नीचा खून झाला. मुलगी लिझीवर खटला चालला आणि ती सुटली. तो खटला जगभर गाजला. त्या घरात एक आयरिश मोलकरीण होती, ब्रिजेट सलिव्हन. तिची साक्ष झाली. त्यात आलं की बोर्डन बहिणी तिला ब्रिजेट म्हणत नसत, ‘मॅगी’ म्हणत. आधीच्या मोलकरणीचं नाव ते होतं. मोलकरीण बदलली, नाव तेच राहिलं. मला या साऱ्या खटल्यात खुनाइतकाच हा तपशील अंगावर येतो. बाहेरच्या जगात कुठल्याही आयरिश मोलकरणीला ब्रिजेट म्हणायचे, आणि जिचं नाव खरंच ब्रिजेट होतं तिला तेही मिळालं नाही.

मुंबईच्या वाचकाला हे ओळखीचं वाटायला हवं. रत्नागिरीकडून आलेल्या घरगड्याला शहरातल्या कितीतरी घरांत सरसकट ‘रामा’ म्हणत. त्याचं नाव सखाराम असो, धोंडू असो की गणपत, हाक रामाच. ‘रामा गडी’ हा शब्द मराठीतही रुळला. देवाच्या नावाचा तिथे वर्गाचा शिक्का झाला, आणि तो शिक्का एवढा पक्का की हिंदी सिनेमातला नोकर अनेक वर्षं रामूच राहिला. बिड्डी आणि रामा या दोन शब्दांत भाषेचा संबंध नाही, पण मालक माणसांच्या सवयीचा आहे.

आता प्रश्न येतो तो नाव का ओसरलं हा. सोपं उत्तर असं दिलं जातं की फॅशन बदलली, चर्चची पकड सैल झाली. मला ते पटत नाही. मेरी हे नाव त्याहून कॅथलिक, आणि ते १९६० च्या दशकातही आयर्लंडमध्ये मुलींच्या नावांत अव्वल होतं. ब्रिजेटची उतरण त्याच्या बरीच आधी सुरू झाली होती. अमेरिकेत तर कित्येक ब्रिजेट डीलिया, बर्था झाल्या आणि आपल्या मुलींना त्यांनी हे नाव ठेवलं नाही. ते साहजिकच. ज्या नावाने आपल्याला हसलं गेलं ते लेकीच्या कपाळी कोण मारील?

याहून सबळ पुरावा आजचा आहे. गेल्या काही दशकांत आयर्लंडमध्ये गेलिक, म्हणजे मूळ आयरिश भाषेतल्या नावांना मोठा बहर आला. नीव, ईफा, कीवा, सीर्शा ही नावं शाळेच्या हजेरीपटावर भरपूर दिसतात. २०२१ मध्ये मुलींच्या नावांत फिया पहिल्या क्रमांकावर होतं. यांतली काही जुन्या कथांमधल्या राजकन्यांची आणि योद्ध्या स्त्रियांची, काही स्वातंत्र्य किंवा रानवाऱ्याची आठवण देणारी. भाषा परकी वाटते म्हणून ब्रीड मागे पडलं म्हणावं, तर ही नावंही त्याच भाषेतली आहेत आणि इंग्रजी वाचणाऱ्याला त्यांचं स्पेलिंग वाचायला ब्रीडपेक्षा कितीतरी अवघड जातं. तरी ती परत आली. ब्रीड आलं नाही. पुनरुज्जीवन राजकन्यांचं झालं, मोलकरणीचं नाही. म्हणून मी म्हणतो की या नावाला मागे टाकलं ते त्याच्या गरिबीच्या वासाने.

आणि हा वास फक्त अमेरिकेने लावला असं म्हणून आयर्लंडला हात झटकता येणार नाहीत. मॅग्डालेन लाँड्री म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, जोगिणींनी चालवलेल्या धुलाईखान्यांत १९२२ पासून १९९६ पर्यंत दहा हजारांहून जास्त मुली आणि बायका राहिल्या. बिनपगारी काम, बाहेर पडायला बंदी. तिथे दारातून आत आल्यावर अनेकींना नवं नाव देत आणि स्वतःचं नाव वापरू देत नसत. १९ फेब्रुवारी २०१३ रोजी पंतप्रधान एंडा केनी यांनी संसदेत राष्ट्राच्या वतीने माफी मागितली. बरोबर दहा वर्षांनी त्याच फेब्रुवारीत त्याच देशाने एका बाईच्या नावाने सुट्टी दिली. हे दोन फेब्रुवारी एकमेकांना जोडले गेले नाहीत, तर सुट्टी पोकळ राहील.

नाव जपण्याचा सरकारी भाग तसा सरळ आहे. २०२१ च्या अधिकृत भाषा सुधारणा कायद्याने सरकारी खात्यांवर आयरिश नावं दीर्घचिन्हासकट, आहे तशी नोंदवण्याची जबाबदारी टाकली. ब्रीडच्या इकारावरची ती तिरपी रेघ गेली, तर नाव वेगळं होतं. संगणकप्रणालीत चिन्ह बसत नाही ही सबब बरीच वर्षं ऐकून घेतली गेली. या भांडणाचा इतिहास जुना आहे. डोनेगलमधल्या नील मॅक गिल्ला ब्रीजे या शेतकरी-कवीने आपल्या गाडीवर स्वतःचं नाव आयरिश लिपीत लिहिलं म्हणून त्याला दंड झाला. १९०५ मध्ये डब्लिनच्या वरिष्ठ कोर्टात त्याच्या बाजूने उभा राहिलेल्या वकिलांत पॅट्रिक पिअर्स होता. तोच पुढे ब्रिटिश सत्तेविरुद्धच्या १९१६ च्या उठावाचा नेता झाला. ते खटला हरले. त्या आडनावाचा अर्थ ब्रिजिडच्या सेवकाचा मुलगा.

माझा आग्रह दुसऱ्या भागाचा आहे. १८५० मध्ये न्यूयॉर्कला स्थलांतरितांसाठी एमिग्रंट सेव्हिंग्ज बँक निघाली. खातेदार अनेकदा निरक्षर, म्हणून ओळख पटवायला बँकेने वह्या ठेवल्या. कुठल्या परगण्यात जन्म, कुठल्या बोटीने आली, आईचं नाव काय, भावंडं किती, कोण मेलं, कोण गावीच राहिलं, काम काय करते. त्या वह्यांत मोलकरणी भरपूर आहेत. व्यंगचित्रातल्या बिड्डीला ना गाव असतं ना आई. वहीतल्या ब्रिजेटला दोन्ही आहे आणि खात्यावर शिल्लकही. बॉस्टनच्या ‘पायलट’ या वृत्तपत्रातही १८३१ ते १९२१ अशी नव्वद वर्षं हरवलेल्या नातलगांच्या शोधाच्या जाहिराती यायच्या. या दोन्ही साठ्यांचा मोठा भाग आता संशोधकांना खुला आहे. आयर्लंडच्या शाळांत एक फेब्रुवारीला मुलं लव्हाळ्याचा ब्रिजिडचा क्रॉस विणतात. सुंदर प्रथा आहे, ती राहू दे. पण त्याच दिवशी प्रत्येक परगण्याच्या शाळेने आपल्या परगण्यातून गेलेल्या ब्रिजेटांच्या नोंदी मुलांपुढे ठेवायला काय हरकत आहे?

यावर एक आक्षेप येईल की तुम्ही सणाचं सुतक करताय. मुळीच नाही. वेक्सफर्डहून गेलेली ब्रिजेट मर्फी नवऱ्यामागे चार मुलं घेऊन राहिली. १८५८ मध्ये तो वारला तेव्हा धाकटा वर्षाचाही नव्हता. तिने लोकांच्या घरी काम केलं, मग ईस्ट बॉस्टनमध्ये छोटं दुकान टाकलं. तो धाकटा मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळात गेला आणि त्याचा नातू जॉन केनेडी अमेरिकेचा अध्यक्ष झाला. केनेडींची गोष्ट सांगताना आयर्लंड थकत नाही. तिची सुरुवात या बाईपासून करावी एवढंच मागणं आहे. आणि जिचा नातू-पणतू अध्यक्ष झाला नाही, जी पन्नास वर्षं परक्यांची भांडी घासून तिथेच मेली, तिचा हक्क केनेडींच्या पणजीइतकाच आहे.

आयर्लंडचं परराष्ट्र खातं हा दिवस जगभर साजरा करतं. दूतावासांत कवयित्री, उद्योजिका, शास्त्रज्ञ स्त्रिया बोलावल्या जातात. त्यांच्या बरोबरीने त्या त्या शहरातल्या घरकामगार बायकांनाही बोलवावं. आयर्लंडचा त्यावर नैतिक अधिकारही आहे, कारण घरकामगारांच्या हक्कांचा २०११ चा आंतरराष्ट्रीय करार, क्रमांक १८९, त्या देशाने २०१४ मध्ये मान्य केला. भारताने अजून केलेला नाही. मुंबईत २०१९ पासून आयर्लंडचा वाणिज्य दूतावास आहे. महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ पासून आहे, आणि नोंदणी, निधी आणि लाभ यांसाठी घरकामगारांच्या संघटना वर्षानुवर्षं सरकारदरबारी खेटे घालताहेत. रामा गड्याच्या शहरात एक फेब्रुवारीच्या कार्यक्रमात त्या संघटनांच्या बायकांना मंचावर बसवावं, त्यांच्या पूर्ण नावाने त्यांची ओळख करून द्यावी आणि करार १८९ भारताने मान्य करावा ही त्यांची मागणी त्या मंचावरून त्यांनाच मांडू द्यावी.